स्टिअरिंगचे काम घरी: किती करावे, कुठे थांबावे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून लोणावळ्यासाठी उतरायचे ते कुसगावपाशी. ताशी १०० किलोमीटरने आलेली गाडी टोलनाका ओलांडते आणि काही मिनिटांतच गावातल्या गतिरोधकांवर, पावसाने उखडलेल्या डांबरावर किंवा पवना धरणाकडे जाताना दुधिवरे खिंडीच्या वळणांवर असते. पाहुण्यांच्या गाडीला हा त्रास शनिवार-रविवारपुरता. इथल्या माणसाची गाडी तो रोज सोसते. त्याचा मोठा भार पुढच्या चाकांना वळवणाऱ्या सांध्यांवर पडतो. तरीही ब्रेक आणि टायर पाहणारे बरेच, स्टिअरिंगचे सांधे पाहणारे थोडे.

हे सांधे घरच्या अंगणात बदलता येतात का, असा प्रश्न हौशी वाहनमालक नेहमी विचारतात. बहुतेक मोटारींत घरी बदलण्याजोगा भाग एकच असतो: टाय रॉडचा बाहेरचा एंड. मात्र दोष कुठे आहे हे शोधण्याचे जवळजवळ सगळे काम घरी होऊ शकते, आणि त्यातच जास्त फायदा आहे. दोष नेमका ओळखून गॅरेजमध्ये गेलात, तर नको ते भाग बदलले जात नाहीत.

चाक वळते कसे

आजच्या बहुतेक मोटारींमध्ये रॅक-पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग असते. स्टिअरिंग व्हीलची फिरकी कॉलम आणि त्याखालच्या जोडशाफ्टमधून पिनियनच्या छोट्या गिअरपर्यंत पोहोचते. पिनियन दातेरी रॅकला डावी-उजवीकडे सरकवतो. रॅकच्या दोन्ही टोकांना आतले सांधे असतात. त्यांना गॅरेजमध्ये रॅक एंड म्हणतात. रॅक एंडच्या दांड्यावर बाहेरून टाय रॉड एंड आट्यांनी बसवलेला असतो आणि त्याची टेपर असलेली, म्हणजे निमुळती, खुंटी चाक ज्यावर बसते त्या नकलमध्ये अडकते. नकलला खालून आधार देतो तो लोअर आर्मचा बॉल जॉइंट.

जुन्या जीप, ट्रक आणि काही पिकअपमध्ये रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो. बॉक्समधून ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड अशी साखळी चाकापर्यंत जाते. सांधे जास्त, म्हणून प्ले, म्हणजे मोकळी ढिलाईही, थोडी जास्त. यातल्या अनेक सांध्यांना ग्रीस भरण्यासाठी निपल असते. रॅकवाल्या मोटारींचे सांधे मात्र कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात.

टाय रॉड एंडच्या आत एक गुळगुळीत गोळी वाटीत बसलेली असते, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. भोवती ग्रीस आणि त्यावर रबरी बूट. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बुटाला चीर गेली, की त्या पाण्याबरोबर मुरमाचा बारीक कचही आत जातो. ग्रीस धुऊन निघते, गोळीला गंज चढतो, कच वाटी झिजवतो. बूट फाटल्यावर सांधा एखाद्या पावसाळ्यातच निकामी होऊ शकतो. म्हणून पाहायची पहिली गोष्ट बूट.

कायद्यात लिहिलेली तपासणी

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ स्टिअरिंगबद्दल आहे. त्यात तीन अटी आहेत. स्टिअरिंग व्हीलवरचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा; जोडणीच्या सर्व बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी; आणि जोडणी बोल्ट किंवा पिनने केली असेल, तर ते बोल्ट-पिन सुटणार नाहीत असे पक्के अडकवलेले असावेत. या तीन अटी घरच्या तपासणीलाही पुरतात.

पहिली अट मोजण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करा, चाके सरळ ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टी लावा आणि शेजारी पट्टी धरा. चाक हलायच्या बेतात येईपर्यंत स्टिअरिंग हळूच एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला न्या. दोन्हींमधले अंतर म्हणजे प्ले. ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. ही कायद्याची कमाल मर्यादा झाली. रॅकवाल्या मोटारीत प्ले त्याच्या निम्म्यावर आला, तरी कुठला तरी सांधा गेला आहे असे समजून शोध सुरू करा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा याहून बरीच कमी असते आणि तीच पाळायची.

दुसरी तपासणी दोघांनी करायची. गाडी जमिनीवर, हँडब्रेक लावलेला. एकाने स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे झटपट हलवत राहायचे. दुसऱ्याने पुढच्या चाकाच्या कमानीतून टाय रॉड एंडवर बोटे ठेवायची, पण चाक वळताना चाक आणि बॉडीच्या मध्ये हात सापडेल असा ठेवायचा नाही. चांगला सांधा एकसंध हलतो. झिजलेल्या सांध्यात दांडा आधी हलतो आणि नकल मागून. बोटांना बारीक खटका लागतो. रॅक एंडची हालचाल रबरी घडीच्या बुटावरून दाबून जाणवते.

तिसरी तपासणी चाक उचलून. गाडी जॅकवर घ्या आणि घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) टेकवा. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. इथे ढिलाई लागली तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅक एंडवर. मग १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. इथली ढिलाई चाकाच्या बेअरिंगची किंवा लोअर बॉल जॉइंटची असते. दोन्हीकडे हलत असेल तर बेअरिंग आधी पाहा. सोबतच्या माणसाने ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली, तर दोष बहुधा बेअरिंगचाच.

दोष स्टिअरिंगचा नसतो तेव्हा

टाय रॉड एंड बदलूनही तक्रार तशीच राहिली, असे अनेकदा ऐकू येते. कारण तक्रार दुसऱ्याच भागाची असते.

ताशी ८०-९० च्या आसपास स्टिअरिंग थरथरते आणि वेग वाढल्यावर किंवा कमी केल्यावर थरथर जाते: आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. रिमला खड्ड्यात पोचा आला असला तरी असेच होते.

गाडी एका बाजूला ओढते: चारही टायरमधली हवा मोजा. मग पुढच्या दोन टायरची आपसात अदलाबदल करून पाहा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तरी ओढ तशीच राहिली तर ब्रेक कॅलिपर चिकटलेला नाही ना पाहा. तसे असेल तर थोडे अंतर चालवल्यावर एक रिम दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागतो.

स्टिअरिंग जड झाले: पुन्हा हवा आधी. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेलाची पातळी आणि पट्टा पाहा. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा दिवा डॅशबोर्डवर पेटला असेल, तर स्कॅनर असलेल्या गॅरेजकडेच जा.

खड्ड्यावरून जाताना पुढून कटकट आवाज येतो: अनेक गाड्यांत हा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा असतो. वरची दोघांची तपासणी केल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही: एखादा बॉल जॉइंट कोरडा पडून घट्ट झाला असेल, किंवा कॉलमखालचा क्रॉस जॉइंट गंजला असेल. याला उशीर करू नका. घाटातल्या एकामागून एक येणाऱ्या वळणांवर हा दोष धोक्याचा ठरतो.

मोठा खड्डा बसल्यापासून गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे राहते: अलाइनमेंटला जाण्याआधी टाय रॉड आणि लोअर आर्म वाकलेले नाहीत ना हे पाहून घ्या. वाकलेला दांडा तापवून, ठोकून सरळ करणे किंवा तडा गेलेल्या भागाला वेल्डिंग मारणे हा उपाय गावागावांत सुचवला जातो. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर तो करू नये. तापवल्याने पोलादाला दिलेले कठीणपण जाते आणि भाग पुढे कधी तुटेल ते सांगता येत नाही.

घरी कुठे थांबायचे

पुढची कामे अंगणात करू नका.

रॅक किंवा स्टिअरिंग बॉक्स उघडणे. पुणे जिल्ह्यातच, वढू बुद्रुक येथे, १९८१ मध्ये स्थापन झालेला झेडएफ स्टिअरिंग गिअर हा कारखाना ट्रक-बससाठी स्टिअरिंग गिअर बनवतो. अशा बॉक्समधली मापे इतकी बारीक असतात, की ते उघडायला स्वच्छ बाक आणि मोजमापाची साधने लागतात. बॉक्सवरचा समायोजनाचा स्क्रू आवळून प्ले काढण्याचा मोहही टाळा. जास्त आवळला तर स्टिअरिंग मध्यावर अडखळते.

स्टिअरिंग व्हील आणि कॉलम. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीत चालकापुढे एअरबॅग असतेच. त्याआधीच्या अनेक गाड्यांतही आहे. ती चुकून फुटली तर चेहऱ्याला आणि हातांना गंभीर इजा होते.

दाबून बसवलेले लोअर बॉल जॉइंट, किंग पिन आणि बुश. यांना प्रेस लागतो. रॅक एंडला खास पाना आणि बऱ्यापैकी हात बसलेला माणूस लागतो.

मूळ रचनेत बदल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे बदल करता येत नाही. मूळ भागाच्या जागी तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती आहे. एअरबॅगवाले स्टिअरिंग काढून छोटे शोभेचे बसवणे हा बदल आहे, आणि अपघातात तो जिवावर बेततो.

भाग निवडताना

दुकानात गाडीचे नुसते नाव सांगून भाग घेऊ नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि पॉवर स्टिअरिंग आहे की नाही यावर आटे, लांबी आणि टेपर बदलतात. नोंदणी प्रमाणपत्रावरचा १७ अक्षरांचा चासी क्रमांक घेऊन जा. मारुती सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांचा तो एमए३ ने, टाटांचा एमएटी ने आणि महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो. अधिकृत विक्रेत्याकडे या क्रमांकावरून भागाचा नेमका नंबर निघतो. तो एकदा कळला की खरेदी कुठूनही करा. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहेच.

दुकानदार बाजू विचारेल. ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी, क्लीनर साइड म्हणजे डावी. बॉक्सवाल्या गाड्यांत टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. तिथे बाजू चुकली तर भाग बसणारच नाही.

वाहन कंपनीच्या नावाने मिळणारा भाग महाग असतो. स्टिअरिंगचे भाग पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला भाग स्वस्त पडतो आणि दर्जात बहुधा कमी नसतो. खोक्यावर निर्मात्याचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असायला हवी. ती नसेल तर भाग परत ठेवा. बिल मागा, बिल न देणारा दुकानदार उद्या भाग बदलूनही देणार नाही.

भाग हातात घेऊन पाहा. खुंटी बोटांनी फिरवल्यावर घट्ट पण एकसारखी फिरावी. सैल डुलणारी किंवा अडखळणारी नको. बुटाचे रबर मऊ असावे, त्यावर बारीक चिरा नकोत. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या भागाचे रबर आधीच सुकलेले असते. खोक्यात नवा नट आणि कॉटर पिन आहे ना, बघा. जुन्या बाजारातून किंवा भंगारातल्या गाडीचा काढलेला टाय रॉड एंड कधीच घेऊ नका. काही शे रुपये वाचतात, पण त्या भागाने कुठला अपघात सोसला आहे हे तुम्हाला कळत नाही.

एका बाजूचा गेला म्हणून दुसराही बदलायलाच हवा असे नाही. मात्र दोन्ही सारख्या वयाचे असतील आणि दुसऱ्याचा बूट कडक झाला असेल, तर दोन्ही एकदमच बदला. अलाइनमेंटचा खर्च एकदाच होतो.

टाय रॉड एंड बदलण्याची रीत

साधने: जॅक, घोडी, पुस्तिकेप्रमाणे पाने, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, बॉल जॉइंट पुलर, मोजपट्टी, पांढरा रंग किंवा खडू आणि टॉर्क रेंच. टॉर्क रेंच नसेल तर कोणाकडून मागून आणा, पण अंदाजाने नट आवळू नका.

१. आदल्या संध्याकाळी टाय रॉड एंडला दांड्यावर पक्का धरणाऱ्या चेकनटचे आटे तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवणारे तेल सोडा. मावळातल्या गाडीचे हे आटे सहजी सुटत नाहीत.

२. गाडी पक्क्या सपाट जागी घ्या. पावसात भिजलेल्या मातीत जॅक रुततो, म्हणून फरशी किंवा काँक्रीट हवे. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट किंचित सैल करा, मग पुस्तिकेतल्या जागी जॅक लावून गाडी उचला आणि घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नका.

३. चाक काढा. स्टिअरिंग सरळ ठेवून टाय रॉड एंडच्या खुंटीच्या मध्यापासून रॅक एंडवरच्या ठरावीक जागेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. चेकनटची जागा रंगाने खूण करा.

४. टाय रॉड एंड दुसऱ्या पान्याने धरून चेकनट पाव फेरा सैल करा, त्याहून जास्त नाही. खूण आणि हा नट जागेवर राहिले तर पुढचे काम सोपे होते.

५. कॉटर पिन सरळ करून काढा. खुंटीचा नट सैल करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. टेपर अचानक सुटली तर नट भाग धरून ठेवतो. पुलर लावून टेपर सोडवा. पुलर नसेल तर नकलच्या ज्या डोळ्यात खुंटी बसते त्याच्या बाजूवर हातोड्याचे नेमके दोन-तीन घाव द्या. खुंटीच्या टोकावर मारू नका, आटे बसतात.

६. नट काढा आणि टाय रॉड एंड फिरवून काढा. पूर्ण फेरे मोजा. जुना आणि नवा भाग शेजारी ठेवून लांबी, आटे, टेपर आणि खुंटीचा कोन जुळवा. काहीही वेगळे दिसले तर थांबा आणि भाग बदलून आणा.

७. नवा भाग तितकेच फेरे फिरवून बसवा आणि लिहिलेले अंतर पुन्हा मोजा. बऱ्याच मोटारींत आट्यांचा पिच दीड मिलिमीटर असतो. एका फेऱ्याची चूक झाली तर चाकाचा कोन साधारण अर्ध्या अंशाहून जास्त बदलतो.

८. नकलचा डोळा आणि खुंटीची टेपर कोरडी पुसून घ्या. टेपरला ग्रीस लावू नका. तिची पकड कोरड्या धातूच्या घर्षणावरच असते. खुंटी बसवून पुस्तिकेतल्या टॉर्कने नट आवळा. खुंटी नटाबरोबर फिरत असेल तर तिला विरुद्ध बाजूने दाबून धरा. खाचांचा नट असेल आणि भोक जुळत नसेल तर तो थोडा आणखी आवळा. सैल करून भोक जुळवू नका. पिन नेहमी नवी घाला आणि दोन्ही पाय वाकवा. नायलॉनचे कडे असलेला नट असेल तर तोही नवाच हवा.

९. रॅकचा घडीचा बूट पिळलेला नाही ना पाहा. मग चेकनट टॉर्कने आवळा. चाक लावा, गाडी खाली घ्या आणि चाकाचे नट एकाआड एक आवळा.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन चालू करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरवा. ब्रेकची नळी कुठे ताणली जात नाही, काही घासत नाही हे पाहा. मग गल्लीत पंधरा-वीसच्या वेगाने चालवा, थांबा आणि नट, पिन, चेकनट पुन्हा पाहा. त्यानंतर लोणावळ्यात किंवा तळेगावात सोयीच्या जागी व्हील अलाइनमेंट करून घ्या. अंतर मोजून भाग बसवला असला, तरी अलाइनमेंट टाळता येत नाही. ते होईपर्यंत द्रुतगती मार्गावर किंवा खंडाळ्याच्या घाटात गाडी नेऊ नका. अलाइनमेंट झाल्यावर चेकनट पक्का केला का, हे तिथेच विचारून पाहून घ्या. हा नट सैल राहणे ही नेहमी होणारी चूक आहे.

शेतीच्या पिकअप आणि ट्रॅक्टरला निपल असतील तर पावसाळ्यानंतर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा आणि बाहेर आलेले पुसून टाका, नाहीतर त्यावर माती चिकटते.

वर्षातून दोनदा वेळ काढा: एकदा मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, दुसऱ्यांदा खंडेनवमीला. गाडी धुवायची आणि हार घालायचा तो दिवस असतोच. हार घालण्याआधी दोन्ही पुढची चाके एकदा हलवून पाहा, बूट आणि पिना तपासा. प्ले वाढला असेल, बूट फाटला असेल किंवा एखादी पिन दिसत नसेल, तर ते काम झाल्याशिवाय ती गाडी घाटात नेऊ नका.